सात पंख्यांचा लोड

हिरालाल रामटेके यांनी कागदावर पहिल्या ओळीत 'पंखे – सात' असं लिहिलं, तेव्हा त्यांच्या घरात माणसं दोन राहत होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको माया. ती त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसून दुकानातला एसी किती नंबरवर ठेवलाय ते बघत होती. दुकान रायपूरला तेलीबांध्यात होतं, सोलरचं, आणि कागदाचं नाव होतं लोड लिस्ट. घरात विजेवर काय चालतं, किती चालतं, किती वेळ चालतं, हे त्यात भरून द्यायचं, म्हणजे इन्व्हर्टर केवढा घ्यायचा ते ठरतं. कुणीही पाच मिनिटांत भरावा असा कागद. हिरालालनी पाऊण तास घेतला आणि मागची बाजूही वापरली.

यात दोष कुणाला द्यायचाच तर त्यांच्या नोकरीला द्यावा लागेल. छत्तीस वर्षं ते रेल्वेत ट्रेन लायटिंगला होते. डब्यातले दिवे, डब्यातले पंखे आणि डब्याच्या पोटाखाली लटकणाऱ्या बॅटऱ्या, एवढं त्यांचं राज्य. तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मिस्त्रीनं त्यांना शिकवलं होतं की बर्थ मोजायचे, पॅसेंजर मोजायचे नाहीत. डबा भरून जावो नाहीतर रिकामा, बहात्तर बर्थ म्हणजे बहात्तर, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हवा आली पाहिजे. ही शिकवण त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घर बांधतानाही त्यांनी आधी पंख्यांचे हूक मोजले आणि मग खोल्या पाडल्या.

घर बीरगांवच्या पुढे, एका नव्या ले-आउटमध्ये होतं. रेल्वे क्वार्टरात आयुष्य काढलेल्या माणसाचं ते पहिलं स्वतःचं घर, आणि त्यात सगळं होतं, फक्त वीज नव्हती. खांब कॉलनीच्या कमानीपर्यंत आले होते आणि ले-आउटच्या कागदांत काहीतरी अडलं म्हणून तिथेच थांबले होते. पुढच्या महिन्यात येतील असं गेली तीन वर्षं सगळे सांगत होते. तोवर हिरालालनी एक जुनं पॅनल, एक बॅटरी आणि थेट बॅटरीवर चालणारा एक छोटा पंखा, एवढ्यावर संसार चालवला होता. दोघांना ते पुरत होतं. अडचण अशी होती की हे घर दोघांसाठी बांधलंच नव्हतं.

ते बांधलं होतं बुद्धभूषणसाठी. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, हैदराबादला कंप्युटरच्या कंपनीत. तीन वर्षांपूर्वी हिरालाल आणि माया घरात राहायला आली तेव्हा भूषण, सून यामिनी आणि चार वर्षांचा नातू श्रेयस अशी तिघंही आली होती. मे महिना होता. भाड्यानं आणलेलं जनरेटर भर दुपारी बंद पडलं आणि संध्याकाळपर्यंत श्रेयसच्या पाठीवर घामोळ्यांनी जागा शिल्लक ठेवली नाही. पोर रडून रडून निळं पडलं. यामिनी त्याला घेऊन शहरात हॉटेलवर गेली, ती परत आलीच नाही. निघताना भूषण एवढंच म्हणाला होता, "बाबा, लाइटचं काहीतरी करा. लाइट झाली की येतो."

भूषण वाईट मुलगा नव्हता. भांडण झालेलं नव्हतं, कुणी कुणाला उलटून बोललेलं नव्हतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. गरमी किती आहे, जेवले का, तब्येत ठीक ना, आणि मग 'चला ठेवतो.' दोन मिनिटं लागत. त्या दोन मिनिटांत माया एकदा तरी विचारायची, कधी येता, आणि तो म्हणायचा, लाइट झाली की. तिन्ही वर्षं हिरालालनी हे वाक्य वरिष्ठांच्या लेखी हुकुमासारखं सांभाळून ठेवलं होतं.

सोलरच्या दुकानाची मालकीण स्वरदा काळमेघ ही तिशीतली मुलगी होती. वडील अमरावतीचे, त्यामुळे मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. तिनं लिस्ट हातात घेतली आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. पंखे सात, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री, लॅपटॉप दोन, एसी एक आणि गिझर.

"अंकल, घर में कितने लोग हैं?"

हिरालालनी मायाकडे पाहिलं. माया एसीवरची नजर न काढता म्हणाली, "पाच."

"पाँचों साथ रहते हैं?"

"येऊन जाऊन असतात," माया म्हणाली. यातलं जाऊन हे खरं होतं.

स्वरदानं गिझर खोडला. रायपुरात मे महिन्यात टाकीचं पाणीच हात भाजतं, म्हणाली. त्यावर मायानं तिला समजावलं की सुनेला थंड पाण्यानं सर्दी होते आणि डिसेंबरातही माणसं येऊ शकतात. स्वरदानं तरी तो खोडलाच. मग तिनं नीट समजावून सांगितलं. मोटर आणि एसी चालू होताना पहिल्या क्षणाला तिप्पट-चौपट जोर मागतात. त्यामुळे सगळं एका वेळी लावायचं असेल तर मोठी मशीन लागेल, भिंतीवर टांगायची, चार बॅटऱ्यांची. पण सहसा कुणाच्याच घरात सगळं एका वेळी चालत नाही. दोन पंखे, फ्रिज, दिवे आणि टीव्ही एवढंच असेल तर छोटी मशीन उत्तम. तेव्हा एकदम काय काय चालतं ते खरंखरं सांगा.

"डब्यातले पंखे आमी काय पाळीपाळीनं लावत होतो का, बेटा?" हिरालाल म्हणाले. "सगळे एकदम."

स्वरदानं दुसऱ्यांदा विचारलं, नक्की पाच ना. दोघांनीही मान हलवली. आयुष्यात एकदाही तिकिटाशिवाय गाडीत न बसलेला हा माणूस एवढं मोठं खोटं इतक्या सहज बोलला. त्याला ते खोटं वाटलंच नाही, हे त्याचं कारण. बर्थ पाच होते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवर आठ पॅनल चढले आणि हॉलच्या भिंतीवर मोठी मशीन लागली. स्वरदाची माणसं गेल्यावर हिरालालनी आपली परीक्षा घेतली, यार्डात गाडी सुटण्याआधी घेत तशी. माया प्रत्येक खोलीत जाऊन बटण दाबायची आणि तिथून ओरडून सांगायची. पुढचा हॉल एक चालू, दोन चालू. स्वयंपाकघर चालू. व्हरांडा चालू. आपली खोली चालू. भूषणची खोली चालू. श्रेयसच्या खोलीतला पंखा चालू झाला तेव्हा ती जरा उशिरा ओरडली, कारण पंख्याच्या वाऱ्यानं तिथल्या पलंगावरची नवी चादर उडाली आणि ती नीट करत बसली. शेवटी भूषणच्या खोलीतला एसी लावला, वर पाण्याची मोटर सोडली, मिक्सर रिकामाच फिरवला. मशीननं हूं केलं आणि सगळं पेललं. कॉलनीतली दहा-बारा माणसं अंगणात उभं राहून बघत होती, आणि हिरालाल त्यांना एसी म्हणजे काय ते सांगत होते.

त्यांनी तिथूनच भूषणला फोन लावला. "सगळं एकदम चालून राहिलं," म्हणाले. "एसी बी."

भूषणला खरंच आनंद झाला. मस्त बाबा, म्हणाला, चौदा एप्रिलला यायचं बघतो, जयंतीला सगळे एकत्र असू. मायानं एसी बंद केला, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून जुनं लुगडं फाडून टोपी शिवली आणि ती चढवली. तो एसी पुन्हा कुणी लावला नाही. तो पोरांसाठी होता.

एप्रिल लागला आणि ऊन रायपूरच्या लौकिकाला साजेसं पडायला लागलं. हिरालाल आणि माया आता रात्रभर पंखे लावून झोपत, हॉलमध्ये एक आणि त्यांच्या खोलीत एक, कारण हिरालाल घोरतात. दहा तारखेला पहाटे मशीननं टी टी टी असा आवाज काढला. लाल दिवा लागला होता. बॅटरी संपत आली, असा त्याचा अर्थ. ऊन वर आलं की आपोआप थांबायचं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. सात पंखे आणि एसी पेलणारी मशीन दोन पंख्यांनी दमते, हे हिरालालच्या अकलेत बसेना. त्यांनी बॅटऱ्यांचं पाणी तपासलं, तारांचे जोड घासले. सगळं ठीक होतं. मग त्यांनी मायावर संशय घेतला की ती टीव्ही चालू ठेवून झोपते. मायानं दोन दिवस टीव्ही लावलाच नाही आणि त्यांच्याशी बोललीही नाही.

तेरा तारखेला भूषणचा फोन आला. श्रेयसची परीक्षा वीसपर्यंत चालणार होती, हे त्याच्या आधी लक्षात आलं नव्हतं. म्हणजे चौदाचं जमणार नाही, बुद्धपौर्णिमेला नक्की बघतो. हिरालाल बरं म्हणाले. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी लाल दिव्याचं सांगितलं.

"कितना परसेंट दिखाता है?" भूषणनं विचारलं. त्याचा आवाज एकदम बदलला होता.

"अठरा."

"लोड किती होता रात्री?"

त्या दिवशीचा फोन बावीस मिनिटं चालला.

भूषण इंजिनिअर होता, आणि न सुटणारं कोडं दिसलं की इंजिनिअर माणसाला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी जयंतीची मिरवणूक बघायला दोघं निघाली होती, तेवढ्यात त्याचा फोन आला. आज किती? तिसऱ्या दिवशी आला. मग रोज सकाळी सहाला यायला लागला. हिरालाल मशीनपुढे उभं राहून आकडा वाचायचे, तो तिकडे लिहून घ्यायचा, आणि मग आज काय बंद करून बघायचं ते सांगायचा. एक दिवस फ्रिज. एक दिवस हॉलचा पंखा. त्या रात्री दोघं पुन्हा एका पंख्याखाली झोपली, आणि सकाळी माया भूषणला म्हणाली की बॅटरीचं काही कळलं नाही पण तुझे बाबा कसे घोरतात ते नीट कळलं. तिकडे तो मोठ्यानं हसला. त्याला असं हसताना मायानं कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना.

लाल दिवा मात्र हटेना. भूषणनं शक्यता मांडली की कुणीतरी तार टाकून वीज चोरत असेल. हिरालालना हे लगेच पटलं. ते कुदळ घेऊन कुंपणाच्या कडेनं खणायला लागले. दोन दिवसांत त्यांनी शेजारच्या गौतमच्या बाजूनं हातभर खोल चर काढला आणि त्यात गौतमची कढीपत्त्याची दोन झाडं गेली. गौतम जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत कामाला होता, शांत माणूस. पाळीवरून आला, चराकडे पाहिलं, मग हिरालालकडे पाहिलं.

"काका, माह्या घरी पंखाच नाई," तो म्हणाला. "चोरून चालवू काय?"

हिरालालनी चर बुजवला. मायानं गौतमच्या बायकोला आपल्याकडचं लिंबाचं रोप नेऊन दिलं. हा सगळा प्रकार तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी भूषणला रंगवून सांगितला. त्यानं यामिनीला हाक मारली, हिला तूच सांग असं आईला म्हणाला, आणि मायानं तो पुन्हा पहिल्यापासून सांगितला. यामिनी तिच्याशी याआधी बोलली त्याला वर्ष तरी झालं असेल.

शेवटी भूषणनं मोठी चाचणी ठरवली. एक रात्र घरातलं सगळं बंद. मशीन तेवढी चालू ठेवायची, बाकी एकही बटण नाही. दोघं गच्चीवर हातपंखे घेऊन झोपली. आठ पॅनलमधल्या अरुंद जागेत मायाला कूस बदलता येईना, पण तिनं तक्रार केली नाही. रात्री बॅटरी पंचाण्णव होती. सकाळी एक्याऐंशी. कुणी काही लावलं नव्हतं आणि चौदा टक्के गेले होते. त्या दिवशी भूषणनं व्हिडिओ लावला आणि मागून श्रेयसनं डोकं घातलं. सात वर्षांचा झाला होता. पुढचे दोन दात नव्हते, आणि ते पडल्याचं या दोघांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"आजोबा, आपके घर में भूत है," त्यानं ठामपणे सांगितलं. "वही खा रहा है बैटरी."

हिरालालनी त्याला विचारलं की भूत दिसलं तर काय करायचं. श्रेयसनं विचार करून सांगितलं की त्याला शेव द्यायची. पुढचे चार दिवस फोनवर आधी भुताची चौकशी व्हायची आणि मग आकड्याची.

बुद्धपौर्णिमेला मायानं खीर केली. यामिनीच्या ऑफिसात नवीन काम आलं होतं, तिला सुट्टी नव्हती. भूषणनं हे पौर्णिमेच्या आदल्या सकाळी, आकडा लिहून घेतल्यावर सांगितलं. श्रेयसचा पोहण्याचा कॅम्पही होता, तेव्हा आता हा उन्हाळा काही जमत नाही. माया म्हणाली, हव, त्याच्यात काय. मग ती श्रेयसच्या खोलीत गेली, पलंगावरची चादर काढून झटकली आणि पुन्हा तीच घातली. खीर खूप उरली. ती गौतमच्या घरी गेली.

आठवडाभरानं हिरालालनी बोलावल्यावर स्वरदा स्वतः आली. बरोबर चिमट्यासारखं एक मीटर होतं, जे तारेला नुसतं धरलं की करंट सांगतं. तिनं घरातलं सगळं बंद केलं, मेन स्विचसुद्धा, आणि बॅटरीच्या तारेला मीटर धरलं. आकडा उमटला. तिनं तो हिरालालना दाखवला.

"अंकल, कोई चोरी नहीं. यही खा रही है," तिनं मशीनवर हात ठेवला.

"पन ते तर काईच करून नाई राहिली."

"तैयार खड़ी है ना. पता नहीं कब एसी चालू हो जाए, कब मोटर. मशीन जितनी बड़ी, खड़े रहने में उतना खाती है. दिन-रात." एवढं बोलून तिनं इकडे तिकडे पाहिलं. सात पंखे वर टांगलेले होते. एसीवर लुगड्याची टोपी होती. चपलांच्या स्टँडवर दोन जोड होते. "आंटी, वो बाकी तीन लोग कहाँ हैं?"

हिरालाल मेन स्विच वर करायला गेले, जे अजून करायचं नव्हतं.

"दोघंच असतो आमी," माया म्हणाली. "दोघंच होतो."

स्वरदा दुकानदार होती. मी दोनदा विचारलं होतं, असं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. तिनं मीटर पिशवीत ठेवलं आणि खुर्चीवर बसली.

"म्हन्जे वाट पाहाले बी करंट लागते," माया म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

उपाय सोपा होता. मोठी मशीन स्वरदा परत नेणार, एका दवाखान्याला तशीच हवी होती. तिच्या जागी दोघांपुरती छोटी लावणार. दोन पंखे, फ्रिज, दिवे, टीव्ही. बॅटऱ्या त्याच. पहाटे काय, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाल दिवा लागणार नाही. एसी मात्र चालणार नाही. हिरालाल उठून मशीनपाशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं की मोठीच ठेवली आणि आपण पंखाच नाही लावला तर चालेल का. स्वरदानं मायाकडे पाहिलं. मायाच्या मानेवर, कानामागे, लहान मुलाला येतात तशा घामोळ्या आल्या होत्या.

"काढा जी," माया म्हणाली. "आपल्या दोघाईले किती लागते."

निघताना स्वरदा चपला घालून फाटकापर्यंत गेली आणि परत आली. पहिल्यांदाच मराठीत बोलली, अडखळत, शब्द चाचपत. "काकू, ते लोक आले की मले फोन करा. मी दोन घंट्यात मोठी आनून लावते." मायानं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मोठी मशीन गाडीत गेली आणि भिंतीवर चार भोकं राहिली. त्यातल्या दोनांवर छोटी मशीन बसली. उरलेल्या दोनांवर मायानं कॅलेंडर लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. हिरालालनी भूषणला सगळं सांगितलं. आकडा नव्वद, दिवा हिरवा.

"अरे वाह," भूषण म्हणाला. "मतलब मशीन का सेल्फ लोड था. माझ्या डोक्यात यायला हवं होतं." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "एसी?"

"एसी नाई चालनार आता."

"चलेगा बाबा. तसंही इतक्यात काही..." तो म्हणाला. "तुम्ही दोघं आरामात आहात ना, बस." त्याच्या आवाजात सुटका होती. हिरालालना ती ऐकू आली आणि त्यांना राग आला नाही. बॅटरीचं कोडं सुटलं की कुणालाही बरं वाटतं. श्रेयस उठला नव्हता. फोन दीड मिनिटात संपला.

त्यानंतरच्या सकाळी हिरालाल सहाला मशीनपुढे उभे होते. एक्क्याण्णव. फोन आला नाही. ते साडेसहापर्यंत उभे राहिले, मग बॅटऱ्यांवरची धूळ पुसली, जी कालच पुसली होती. तिसऱ्या दिवशीही आला नाही. रविवारी आला. गरमी किती आहे, जेवले का, तब्येत ठीक ना. लाइट ठीक? ठीक. चला ठेवतो. घरात दोन पंखे रात्रभर फिरत होते, फ्रिज चालू होता, मायाच्या घामोळ्या बसल्या होत्या, आणि घर इतकं शांत होतं की हिरालालनी दिवसा टीव्ही लावून ठेवायला सुरुवात केली. भुताची चौकशी कुणी करत नव्हतं. एकदा त्यांनी मायाला विचारलंही, श्रेयसचे दात आले असतील का. माया म्हणाली, एवढ्या लवकर येत असतात काय, आणि भांडी घासायला उठली. भांडी तिनं मघाशीच घासली होती.

पुढच्या बुधवारी हिरालाल अंगणातून आत आले तेव्हा माया मशीनपुढे उभी होती, फोन कानाला लावून. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मशीनवर हिरवा दिवा होता. आकडा ब्याण्णव होता.

"भूषण," ती म्हणत होती, "लाल दिवा लागला रे पुन्हा."

हिरालाल जागीच उभे राहिले. पलीकडून भूषणचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, झोपेतला, पण पूर्ण जागा होत चाललेला. ऐसे कैसे? कब से? आकडा किती? मायाला आकड्यातलं काही कळत नव्हतं. तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्यांच्याकडे बघितलं नाही, खाली फरशीकडे बघत राहिली.

छत्तीस वर्षांत हिरालालनी बॅटरीच्या रजिस्टरात एकही आकडा बघितल्याशिवाय लिहिला नव्हता. एकदा साहेबानं सांगितलं होतं तरी लिहिला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, मशीनकडे नीट पाहिलं आणि घसा साफ केला.

"एकतीस," ते म्हणाले.

"इकतीस? नई मशीन में?" तिकडे कागद शोधल्याचा आवाज आला. "बाबा, काही बंद करू नका. उद्या सहाला रीडिंग घ्या, मी फोन करतो. और सुनो, श्रेयस पूछ रहा है, भूत वापस आ गया क्या?"

"आला," हिरालाल म्हणाले. "आला म्हन त्याले."

फोन ठेवून ते हॉलमधल्या खुर्चीवर बसले. डोक्यावर पंखा पाचवर होता. माया समोर येऊन बसली.

"उद्या किती सांगायचं?" त्यांनी विचारलं.

मायानं विचार केला. "फार कमी नका सांगू जी. पोट्टा घाबरन. स्वरदाले फोन करन."

"अन् जास्त सांगतलं तर करनारच नाई."

"हव." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "चौतीस सांगा. परवाचं परवा पाहू."